न हललेली रेती

काचेच्या टाकीत मासा नव्हता.

तानुबाईंनी पदरानं काच पुसून पुन्हा वाकून पाहिलं. पाणी निवळशंख. तळाच्या रेतीवर मिशांनी ओढलेल्या बारीक रेघा जशाच्या तशा. फक्त रेघा ओढणाराच गायब.

बोटाएवढा मासा. अंगावर खवल्यांऐवजी कौलांसारख्या कडक पट्ट्यांच्या दोन ओळी, म्हणून त्यांच्या लेकानं, उत्तमरावानं, नाव ठेवलं चिलखत्या. उत्तमराव ज्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर फुलं पुरवायचा, तो साहेब विलायतेला परतताना टाकीसकट देऊन गेला होता. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्या नदीतला म्हणे.

उत्तमराव जाऊन आज वर्ष झालं. गेलेल्याची वस्तू वर्षश्राद्धानंतर घरात ठेवायची नाही, ही तानुबाईंच्या सासरची रीत. लेकाची धोतरं, छत्री, जोडे देऊन झाले. उरला होता मासा. त्याला कौंडण्यपूरला नदीत सोडायचं, म्हणून दारात बैलांची दमणी जुंपलेली.

वर्षभर रोज संध्याकाळी तानुबाई याच टाकीपुढे बसून बोलत. घरात सून होती, शकुन. पण दोघींत बोलायसारखं काही उरलं नव्हतं.

"शालिकराम! इकडे ये!"

मळ्याचा गडी धावत आला. वीस वर्षांपासूनचा जुना माणूस.

"सकाळपासून घरात परकं कोणी आलं?"

"नाई बाई."

"मंग मासा काय पाय फुटून भाजी घ्यायले गेला?"

"मले काय माईत?"

"टाकी उचलायले तूच आत गेला होता. नदीत सोडण्यापरीस इकून टाकावा, असं वाटलं अशीन तुले."

"मी कायले घेऊ बाई? तो तं सदा रेतीत तोंड खुपसून रायते. तिथून उकरून काढाव, तं टाकीभर गढूळ होईन."

"खरं सांग. नाईतं उद्यापासून मळ्यात पाय ठेवू नको."

म्हाताऱ्यानं मुंडासं काढून हातात घेतलं. वीस वर्षांची भाकरी एका माशापायी चालली होती.

बोलून बोलून तानुबाईंना तहान लागली. "शकुन, पाणी आण."

एका घोटातच त्यांनी तोंड वाकडं केलं. पाणी कोमट. भर वैशाखात! माठ तर काल रात्रीच त्यांनी स्वतः भरला होता.

भांडं खाली ठेवून त्या पुन्हा टाकीवर वाकल्या.

"मुंडासं बांध, शालिकराम. तू चोर नाई. जीभ माही सैल."

"मंग कोन बाई?"

"तुले वाटते मासा सदा तळाशी असते. असं समजणारानं रेती उकरली असती. इथं एक रेघ मोडली नाई. म्हंजे त्याले वरतूनच धरला. तो मधूनच सुळकन वर येते, हवेचा घोट घेते, आन् गेलाच खाली. तेवढ्यात वाटीत धरणारा हात त्याच्यापाशी रोज बसणाराचा पायजे. मी बसते संध्याकाळी. दुपारी मी मळ्यात. दुपारी घरात कोण असते?"

शकुननं मान खाली घातली.

"आन् हंड्यातलं गरम पाणी काहून दिलं मले? माठात दुसरंच कोणी हाये म्हणून."

स्वयंपाकघरात जाऊन तानुबाईंनी माठावरची झाकणी उचलली. गारव्यात, तळाशी, चिलखत्या मिशा हलवत होता.

"काहून केलं हे?"

"आत्याबाई, त्यायची छत्री गेली, जोडे गेले. मले कोणी विचारलं नाई." शकुननं माठावर हात ठेवला. "दुपारच्याले याच्याशीच बोलणं व्हाय माहं."

वर्षभर दोघी एकाच काचेपुढे बसत होत्या, आणि एकीचा दुसरीला पत्ता नव्हता.

"शालिकराम, बैल सोड," त्या अखेर म्हणाल्या.

"आन् रीत, बाई?"

"रीत माह्या सासूनं सांगतली होती. तिचे सगळे लेक तिच्या मांग राह्यले; लेकाच्या वस्तू वाटायची पाळी तिच्यावर कधी आली नाई." त्या सुनेकडे वळल्या. "त्याले टाकीत सोड. मंग तिथंच बस माह्यापाशी. काय बोलत होती त्याच्याशी, ते मले सांग."

मासा टाकीत सोडून शकुन सासूपाशी बसली. पहिला शब्द निघायला फार वेळ लागला. तानुबाई थांबल्या.