बोटभर दुखणं

नेपियर टाउनमधल्या त्या फिजिओथेरपी क्लिनिकच्या दाराबाहेर चपला-बुटांची रांग लागलेली असायची. पेशंट आत येण्याआधीच अवंतिका त्याचे बूट पाहून ठेवायची. टाच कुठे झिजली, शिवण कुठे उसवली... गीतांजली मॅडमच्या हाताखाली शिकायला लागून तिला वर्ष झालं होतं, पण ही खोड तिची स्वतःची. त्या दिवशी तिने एक निळा बूट उचलून उजेडात धरला. त्याची बाहेरची कड पार घासून गेली होती.

"काहून मॅडम, चोरता का काय?"

मागे एक उंच, सावळा मुलगा उभा होता. एका पायात मोजा, एक पाय अनवाणी.

"चोरून करू काय?" ती गोरीमोरी झाली, पण हरली नाही. "हा घालणारा तर पाय तिरपा टाकतो."

"अरे बाप रे! तोंड नाही पाहिलं, अन् पाय ओळखला?"

"तोंडापेक्षा पाय कमी खोटं बोलतात."

तो हसला. त्याचं नाव पियूष. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्येच राहायचा, तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून! बावीस वर्षं एकाच वसाहतीत काढून भेट व्हायची होती ती अशी, झिजलेल्या बुटापाशी.

पियूषला फौजेच्या भरतीची धाव मारायची होती. जानेवारीत. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची. रोज सकाळी तो वसाहतीला फेऱ्या मारायचा, आणि नेम असा की, फॅक्टरीचा भोंगा वाजायच्या आत शेवटची फेरी संपवून पुलियाला, नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या कठड्याला, हात लावायचा. आठवडाभरात त्या पुलियावर शाल गुंडाळून, मोबाइलवर वेळ मोजत अवंतिका बसू लागली.

"मॉर्निंग वॉकला जाते," ती आईला सांगायची.

"बसून कसला गं वॉक?" आई विचारायची. शेजारच्या काकूंनी बातमी पोचवली होतीच.

धुक्यातून आधी बुटांचा आवाज यायचा, मग वाफाळता श्वास, मग तो. पुलियाला हात लावायचा आणि खिशातून मटाराच्या शेंगा काढून तिच्या ओंजळीत टाकायचा. पनागरला त्याच्या आत्याचं शेत होतं.

"फीस घे, डॉक्टरीणबाई."

"एवढीशी?"

"उद्या पण येतो ना... किश्तों में देईन."

गार बोटांनी शेंगा सोलताना कधी बोटाला बोट लागायचं. मग दोघंही उगाच भोंग्याच्या दिशेने बघत बसायची.

डिसेंबर निम्मा सरला, आणि एका सकाळी तिच्या कानांना आधी कळलं. बुटांचा ताल चुकत होता. टप्... टप-टप्. टप्... टप-टप्.

"बस. बूट काढ."

"अरे, काही नाही. नाही दुखून राहिलं."

तिने त्याचा पाय मांडीवर घेतला. टाचेपासून चाचपत आली. बोटांच्या मागच्या हाडावर, एका जागी, तिचं बोट टेकलं, आणि त्याने ओठ दाबला.

"एका पायावर उडी मार."

त्याने मारली. चेहरा पांढरा पडला, तरी हसत राहिला.

गीतांजली मॅडम पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "पायभर पसरलेलं दुखणं सांभाळत पळता येतं. बोटभर जागेचं दुखणं असेल, तर ते हाडाचं; पळणं तिथल्या तिथे थांबवायचं." अवंतिकाचं बोट अजून त्या जागेवरच होतं.

"सांग ना," तो म्हणाला, "थांबू का? तू म्हणशील तसं."

थांब म्हणायचं म्हणजे सहा आठवडे. भरती गेली. मग हा कशाला येईल धुक्यातून? पुलिया कशाला, शेंगा कशाला... आणि कदाचित हाड नसेलही, नुसती सूज असेल. स्वतःची समजूत घालायला माणसाला किती थोडं लागतं!

"टेप लावून देते," ती म्हणाली. "हळू पळ."

बारा दिवस टेप टिकली. तेराव्या सकाळी भोंगा वाजला तरी पुलियाला हात लागला नाही. ती धावत गेली, तेव्हा तो वळणावर बसलेला होता, दोन्ही हातांनी पाऊल धरून. हाडाला तडा गेला होता.

भरतीच्या दिवशी तो घरीच होता, पायाला प्लास्टर. ती भेटायला गेली, तर त्याची आई म्हणाली, "ऐकतच नव्हता गं! तू एवढी काळजी घेऊन राहिली होतीस..."

अवंतिकाने हातातला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. आई आत गेल्यावर ती एका दमात बोलून गेली. "पियूष, मला त्या दिवशीच कळलं होतं. तू यायचा बंद होशील, म्हणून नाही बोलले."

त्याने प्लास्टरचा पाय जरा दूर ओढून घेतला.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला. "थांब म्हणाली असतीस, तर थांबलो असतो. पुढच्या वर्षी वय नाही राहत, हे माहीत असून."

"माहीत आहे."

"अन् भेटायला तर लंगडत पण आलो असतो, वेडे."

ती रडली. त्याने तिला उगी केलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पनागरला, आत्याकडे निघून गेला.

अवंतिका तरीही रोज पुलियावर बसली. कोणाची वेळ मोजायची नव्हती. भोंगा व्हायचा, ती शाल झटकून उठायची. आई आता काही विचारत नव्हती.

फेब्रुवारी सरत आला. धुकं विरळ झालं होतं, म्हणून या वेळी तो आवाजाआधी दिसला. पायात साध्या चपला, हातात पिशवी, हळूहळू चालत येत होता. वाटेतच भोंगा वाजून गेला. त्यानंतर कितीतरी वेळाने तो पुलियाशी पोचला. पिशवीत मटार होते, हंगाम संपतानाचे, जरा निबर.

"विसरलो नाही मी," तो म्हणाला. "राग पण गेला नाही पुरता."

तिने मान हलवली. मग खाली बसून त्याचं पाऊल हातात घेतलं, आणि त्याच जागी बोट टेकवलं... अगदी हलकं.

"दुखतं?"

"हो," पियूष म्हणाला. "अजून दुखतं."

"मग आज पुढे जाऊ नकोस. थांब."

सव्वादोन महिने उशिरा आलेला तो शब्द ऐकून त्याने क्षणभर डोळे मिटले. मग तिच्या शेजारी, पुलियावर बसला.