बिनकडीचं दार

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. शंभरदा सांगून झाली आणि शंभरदा लोक नको तिथे हसले. पण सूनबाईनं वही आणून पुढ्यात आपटली. म्हणाली, "मामंजी, तोंडी सांगता तेव्हा शिव्या फार आणि गोष्ट थोडी. एकदा लिहूनच काढा." मी चौथीत शाळा सोडली हे तिला ठाऊक आहे, तरी. शिवाय गोष्ट संडासाची. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, नंतर मधे मधे नको. आणि यात मी 'मी' म्हणणार नाही. 'मी' म्हटलं की माणसं लगेच "खरंच का हो?" म्हणून भुवया उडवतात. मिस्त्री म्हणेन. जन्मभर सगळे तेच म्हणत आले.

तर हा मिस्त्री नळाचं काम करायचा. पन्नास वर्षं पाइप कापले, आटे पाडले, लोकांचे तुंबलेले संडास मोकळे केले. त्यामुळे प्रवासात त्याचं डोकं कायम फिरलेलं. बाकीचे खिडकीतून डोंगर बघायचे, हा थांब्यावरचा संडास बघून यायचा आणि पुढचा तासभर कुरकुरायचा. कुठे फरशीचा उतार दाराकडे काढलेला, म्हणजे सगळी घाण पायाखाली. कुठे नळ आहे तर बादली नाही. कुठे बादली आहे तर ती साखळीनं जखडलेली, जणू कुणी ती पळवून नेऊन दिवाणखान्यात मांडणार आहे. एके ठिकाणी तर सगळं नवंकोरं, चकचकीत, आणि दाराला कुलूप. का, तर साहेब आले की उघडतात. "बांधणाऱ्यालाच आठवडाभर आत बसवा," मिस्त्री म्हणायचा.

पण त्याचं काय, पुरुषाला झाड पुरतं. हाल बायकोचे. निघायच्या आदल्या दिवसापासून ती पाणी पिणं तोडायची. सहा सहा तास दात आवळून बसायची, हूं की चूं नाही.

तिला आधार एकाच माणसाचा, थोरल्या जावेचा. म्हणजे मिस्त्रीच्या वहिनीचा. रस्त्यावरच्या संडासाला दार असलं तर कडी नसते, कडीच्या जागी नुसतं भोक. म्हणून दोघी जोडीनं जायच्या, एक आत आणि एक बाहेर दार धरून. वहिनीची रीत ठरलेली होती. पाइपाचा सांधा गळू नये म्हणून आट्यांवर सूत गुंडाळतात आणि वर सफेदा फासतात, पांढरा चिकट लेप असतो तो. मिस्त्रीच्या पिशवीतलं तसलं सूत ढापून वहिनीनं त्याची तीन पदरी वेणी घातली होती, दोन हात लांब. टोकाला जाड गाठ. गाठ आतल्या बाजूला ठेवून दोरी भोकातून बाहेर ओढायची आणि ताणून धरायची. दार जागचं हलत नसे. वर तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणजे आतलीला कळावं की बाहेर माणूस आहे. मिस्त्री जवळपास दिसला की खेकसायची, "भावोजी, तिकडे तोंड करा!" मिस्त्री मुकाट भिंतीकडे तोंड करायचा. उभ्या जन्मात त्यानं ऐकलं ते या एकाच बाईचं. मिस्त्रीला वाटेल तसं बोलायचा हक्क तिनं स्वतःकडे घेतलेला. दुसऱ्या कुणी त्याला बोल लावला, तर मात्र ती त्या माणसाला सोडत नसे.

वहिनी गेली. शेवटच्या वेळी बायकोनं ती दोरी वहिनीच्या हातात ठेवली आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटली. दोरी तिच्याबरोबर चितेवर गेली, हे मिस्त्रीनं डोळ्यांनी पाहिलं. लक्षात ठेवा.

त्यानंतर एकदा कुठेसं जाणं आलं. बायकोनं सकाळपासून रात्रीपर्यंत अडवून धरलं आणि घरी येऊन तापानं फणफणली. अकरा दिवस दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीला बाहेर बोलावलं. "आजोबा, एक मूत्रपिंड गेल्यातच जमा आहे. दुसरं वाचवायचं असेल तर त्यांना भरपूर पाणी पाजा आणि पुन्हा असं अडवून धरू देऊ नका. एकदाही नाही."

मिस्त्रीनं मान डोलावली.

पुढची तपासणी घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात. बायकोचा धाकटा भाऊ जीप चालवायचा, त्यानंच नेतो म्हटलं. भाऊ चांगला आहे, पण जगात रस्ता फक्त आपल्यालाच कळतो अशी त्याची समजूत. निघायच्या आधी मिस्त्रीनं समोर बसून बायकोला दोन तांबे पाणी पाजलं. ती रडकुंडीला आली होती. "वाटेत काय करू मी?" "मी आहे ना, दार धरीन." "तुम्ही?" असं म्हणून तिनं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मिस्त्री अजून विसरला नाही.

दुपारी चारच्या सुमारास घाटात शिरले आणि धुकं उतरलं. साधं धुकं नव्हे. काचेबाहेर कुणी ओला कापूस ठासून भरावा तसं. मेहुण्यानं दिवे लावले, तर दिव्यांचा उजेडही पुढे जाईना, तिथल्या तिथे साचून राहिला. बायकोनं पदराचं टोक मुठीत पिळून धरलं होतं.

"अहो..." ती हळूच म्हणाली. "आता नाही व्हायचं."

"थांबव रे," मिस्त्री म्हणाला.

"इथे? दाजी, वळण आहे. मागून ट्रक आला तर तिघंही चपटे होऊ. ताई, तासभर कळ काढ."

"तिला कळ काढायची नाहीये, डॉक्टरनं सांगितलंय! ते बघ, ते काय डाव्या हाताला?"

डाव्या हाताला धुक्यात एक बैठी पांढरी इमारत होती. दाराशी पिवळा दिवा.

"ते होय? ते संडास आहेत. बंद पडलेत केव्हाचे. पाणीच नाही तिथे."

"मग दिवा कसा?"

"कसला दिवा?" मेहुणा म्हणाला. पण बहिणीचं तोंड त्यानं आरशात बघितलं आणि गाडी पुढच्या रुंद जागेवर नेऊन थांबवली. स्वतः काही उतरला नाही.

मिस्त्रीनं बायकोचा हात धरला. रस्त्यावर कशाचाच आवाज नव्हता. पाखरू नाही, पान नाही. स्वतःच्या चपलांचा आवाजसुद्धा दुसऱ्या कुणाच्या चपलांसारखा मागून येत होता. मग फिनेलचा वास आला. हलका, ताजा, आत्ताच कुणी पोछा मारून गेल्यासारखा.

दार ढकललं आणि मिस्त्री जागच्या जागी थिजला. भीतीनं नव्हे. असा संडास त्यानं जन्मात पाहिला नव्हता! फरशी कोरडी, उतार जाळीकडे अगदी हवा तेवढा. भांडं चिनी मातीच्या बशीसारखं पांढरं. नळ न गळणारा. बादली पालथी घातलेली, तिच्यावर तांब्या. पिशवी अडकवायला खुंटी, म्हाताऱ्या माणसाला उठायला भिंतीत बसवलेला दांडा. दांड्याची उंची नेमकी बायकोच्या हाताची. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं नाही, भिंतीवर कुणाच्या प्रेमाचा जाहीरनामा नाही.

फक्त दाराला कडी नव्हती. भोक होतं.

"दार धराल ना?" बायकोनं विचारलं.

"धरतो म्हटलं ना. जा तू."

त्यानं दार धरलं. आत नळ सोडल्याचा आवाज आला. भरदार धार, बादलीच्या बुडावर वाजणारी. आणि मिस्त्रीची जन्माची खोड जागी झाली. घाटाच्या डोक्यावर एवढ्या दाबानं पाणी? टाकी कुठे बसवली असेल? पाइप किती इंची? एकच मिनिट, बघून येतो, असं मनाशी म्हणत त्यानं दार सोडलं आणि तो मागच्या बाजूला गेला. दिलेला शब्द असा मोडला त्यानं. पाइप बघायला.

मागे टाकी होती. उभी चिरलेली. चिरेतून हात घातला तर आत वाळलेली पानं, कोरडी, चुरचुरणारी. टाकीत येणारा पाइप कापलेला, तोंडावर गांधीलमाश्यांचं जुनं पोळं. टाकीतून आत जाणारा पाइप भिंतीपाशी तुटून हवेत लोंबत होता. मिस्त्रीनं तुटक्या तोंडात बोट घातलं. गंज. नुसता गंज.

आणि भिंतीपलीकडे पाणी पडत होतं. धो धो.

आत ती एकटी... दाराला कडी नाही... आणि आपण इथे. तो भिंतीला हात लावत लावत परत फिरला. इमारत चार पावलांची, पण भिंत संपेना. कोपरा येईना. पाण्याचा आवाज थांबला. मग आतून बायकोचा आवाज आला. ती बोलत होती. कुणाशी तरी. थांबत होती, ऐकत होती, पुन्हा बोलत होती. आणि मग हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली.

कोपरा आला. मिस्त्रीनं दाराकडे बघितलं.

दार मिटलेलं होतं. भोकातून एक पांढरी दोरी बाहेर आली होती. तीन पदरी. पदरांत सफेदा भरलेला. जमिनीला समांतर, तारेसारखी ताणलेली, सरळ धुक्यात गेली होती. दुसरं टोक दिसत नव्हतं.

मिस्त्रीनं दोरीकडे हात नेला.

"भावोजी..." धुक्यातून कुणी हलक्या आवाजात म्हणालं. "तिकडे तोंड करा."

सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं भिंतीकडे तोंड केलं. कपाळ ओल्या भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. पण खरं सांगतो, छातीवरचा दगडही त्याच वेळी उतरला. दार धरलेलं होतं. आपल्यापेक्षा चांगल्या माणसानं धरलेलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दार करकरलं. बायको बाहेर आली, तोंड धुतलेलं, केस नीट केलेले, दहा वर्षांनी लहान दिसत होती. हातात दोरी होती, ती बोटांभोवती गुंडाळत होती. दोरीचं दुसरं टोक आता तिच्याच हातात होतं आणि धुक्यात कुणी नव्हतं.

"वहिनी..." मिस्त्री पुटपुटला.

"काही विचारू नका," ती म्हणाली. "आणि तुम्ही दार सोडून गेलात, ते त्यांनी मला सांगितलंय."

जीपमध्ये बसल्यावर तिनं भावाकडे हात केला. "बाटली दे." आणि अर्धी बाटली पाणी घटाघट प्यायली. चालत्या गाडीत, प्रवासात, आपण होऊन मागून! मिस्त्रीनं खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर कागद बघून म्हणाले, दुसरं मूत्रपिंड ठणठणीत आहे, असंच पाणी पीत राहा.

दुसऱ्या दिवशी परत येताना लख्ख ऊन होतं. मेहुण्यानं मुद्दाम त्या जागी गाडी थांबवली. दिव्याच्या जागी दोन तुटक्या वायरी. दारांना कुलपं, गंजून दारांशी एकजीव झालेली. वेल चढलेला. फुटक्या खिडकीतून आत बघितलं तर पाखरांची घाण, फुटलेलं भांडं, आणि जिथे दांडा होता तिथे भिंतीत दोन भोकं.

मेहुणा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "वा दाजी! ताईला उघड्यावर बसवलंत आणि वर आम्हाला गोष्टी सांगता? लाज वाटायला हवी या वयात."

बायकोनं दोरी दाखवली. "असल्या छप्पन दोऱ्या असतात पिशवीत," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. मिस्त्री बोलणार काय? शब्द तर त्यानं मोडलाच होता. पण उघड्यावर? बायकोला? तो शब्द अजून सलतो. वहिनी असती तर तिनं मेहुण्याला सोडलं नसतं.

त्यानंतर आम्ही पुष्कळ फिरलो. हो, आम्ही. आता 'मिस्त्री मिस्त्री' पुरे झालं. ती पाणी पिऊन निघते, मी दोरी धरतो. पुन्हा एकदाही सोडली नाही. एरवी ती दोरी माझ्या हत्यारांच्या पेटीत असते. कोरडी. पण निघायच्या आदल्या दिवशी पेटी उघडली की ती ओली लागते आणि तिला फिनेलचा वास येतो. आम्हाला आता त्याचं काही वाटत नाही. उलट बरं वाटतं. सोबत आहे म्हणायची.

एवढंच लिहून वही मिटणार होतो. पण सकाळी पान्हा काढायला पेटी उघडली, तर दोरी ओली होती, आणि कुणी दोन्ही टोकं ताणून पीळ द्यावा तशी पिळवटलेली. आम्ही कुठेही निघालेलो नाही. बायकोला विचारलं, तर म्हणाली, की आज घाटातून जीप घेऊन एकटाच निघालाय तो एक जण, ज्यानं त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल अजून माझी माफी मागितलेली नाही. तिचा धाकटा भाऊ.