आतला अंगठा

वटवाघळांवर संशोधन साहेब करतात. मारतो मी. आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

जंगलाला लागून आमचं केंद्र. पहाटे जाळीत अडकलेली, फुलांचा रस पिणारी वटवाघळं दहा वाजेपर्यंत माझ्या टेबलावर येतात. कुणाचं तोंड सुईसारखं, कुणाचा खालचा ओठ पन्हाळीसारखा. एका जातीची जीभ तर अंगाच्या दीडपट लांब. टोकाला केसांचा कुंचला, आणि मूळ घशात नाही, थेट बरगड्यांच्या पिंजऱ्यात. साहेबांना तीच शंभर हवी होती. शंभर भरली की माझी नोकरी कायम.

रीत सोपी. पाठीखाली बोट, छातीवर अंगठा, दाबायचं. रक्त नाही, कातडी शाबूत.

साठावं मरेना. बरगड्या मोडल्याचं बोटांना कळलं, तरी त्याची जीभ माझ्या अंगठ्याला विळखा घालून निवांत चाटत राहिली. डोकं सणकलं. उचलून टेबलावर आपटलं.

छाती उघडली. बरगड्या बाहेरच्या बाजूला वाकलेल्या. आतून अंगठ्याचा ठसा, त्यात तिरका व्रण. तसा व्रण माझ्याच अंगठ्यावर आहे, सुरी लागल्याचा.

"ओल्या हाडावर उमटतं रे," साहेब म्हणाले.

"आतून?"

"डोकं नको चालवू. हात चालव."

मग प्रत्येकात तो ठसा निघू लागला.

शेजारच्या खोलीत माझी बायको वटवाघळांच्या पायाला बांधायच्या चिठ्ठ्या लिहिते. नव्वदावं वटवाघूळ झाल्यापासून इकडे मी दाबलं की तिकडे ती कण्हायची.

"अहो, छातीत कुणीतरी आतून ढकलतंय. सोडा ना हे."

"दहाच राहिलीत."

"हो का? मग अकरावी मीच. लिहून ठेवते चिठ्ठी."

मी हसलो. माझं मला कळत होतं, तरी हसलो.

शंभरावं हातात घेतलं. धडपडलं नाही. नुसतं बघत राहिलं.

"थांबा!" भिंतीपलीकडून ती किंचाळली. मधलं दार बंद होतं.

मी दाबलं.

पलीकडे खुर्ची पडली.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. साहेबांनी त्याच दुपारी माझ्या कायम नोकरीच्या कागदावर सही केली.

तिला न्यायच्या आधी मी चादर बाजूला सारली. छातीवर अंगठ्याएवढा उंचवटा होता. त्यावर हलकेच अंगठा टेकवला.

आतून कुणीतरी तेवढाच हलकेच दाबला.