मनसारामची तिसरी ओळ

प्रफुल उसना आणलेला माईक वापस कराले निघाला होता. काम एवढंच. मागच्या वर्षीची गोष्ट, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची रात.

प्रफुल म्हणजे माह्या साळ्याचा पोरगा, वरोऱ्याचा. गिटारवर ब्लूज गाते. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं दुःखाचं गाणं ते. गाणं कायचं, गोष्टच. एक ओळ म्हणाची, तीच पुन्हा म्हणाची, अन् तिसऱ्या ओळीत काय घडलं ते सांगाचं. गोष्ट दुसऱ्याची असो, गाणारा 'मी'च म्हणते. प्रफुल तसंच आपल्या बोलीत गाये.

आदल्या राती आमच्या गावच्या विहारापुढं त्यानं मनसारामचं गाणं म्हटलं. मनसाराम आपल्या तलावात लहानशा नावेतून, डोंग्यातून, मासे धरे. दोन सालाआधी बुडून मेला.

"मी जाळं घेऊन गेलो, घरी चूल पेटली होती..." दोनदा म्हटलं. मंग तिसरी, "डोंगा उलटला माहा, हाक कोनी ऐकली नोती."

गाणं सरलं तशी मनसारामची बायको कुंता त्याच्याजवळ आली. म्हणे, "बाबू, शेवटची ओळ तशी नाई."

"मंग कशी, बाई?"

तिचा दीर भूपेश बाजूलेच उभा होता. कुंतानं त्याच्याकडं पाह्यलं अन् घराकडं निघाली.

तं माईक देऊन प्रफुल तलावाच्या पाळीनं वापस येत होता. गिटार पाठीवर. चांदणं टिपूर. वैशाखाचा तलाव, पार सुकलेला. तळाले भेगा.

चालता चालता त्यानं तेच गाणं काढलं. पयली ओळ म्हटली.

दुसऱ्यांदा म्हटली... तं संग कोनी तरी म्हणून राह्यलं.

तो थांबला. आवाजही थांबला.

खाली पाह्यलं. कोनी नाई. नुसती भेगाळलेली माती...

मंग तिकडूनच आली. तिसरी ओळ. एकट्याची.

"डोंगा उलटला नाई... भावानं मान... पाण्यात दाबली होती..."

प्रफुल माह्या दारात येऊन पडला. झुंजुरकाच, उजाडाच्या आधी, मी कुंताले बोलावलं. त्यानं ओळ सांगितली. ती रडली नाई.

"हेच," म्हणे. "रोज सपनात हेच सांगतेत मले. पण माह्यावर इस्वास कोन ठेवन?"

"आता मी हावो संग," प्रफुल म्हणला.

दोघं ठाण्यात गेले. पोलीस आले, तं भूपेशच्या घराले कुलूप. अजून आला नाई तो.

तुमी हसाल. हसा. पण त्या दिवशी वरोऱ्याले वापस निघताना प्रफुलनं गिटार उचलली, अन् आतून पाणी वाजलं. त्यानं उलटी केली. पाणी सांडलं माह्या अंगणात. गढूळ. अन् त्यात...

बोटभर मासा. जिता.