कॅसेटमधली आजी

"माझ्या आईनं मला बाबांच्या माणसांबद्दल कधी काही सांगितलंच नाही..." लॅपटॉपच्या पडद्यावर, स्वतःच्या फिल्ममध्ये, निवेदिता इंग्रजीत म्हणाली, आणि लेकीच्या शेजारी बसून ते ऐकणाऱ्या वासंतीनं मान खाली घातली.

काय सांगणार होती ती? निवेदिताचे बाबा, ज्याँ, मूळचे कॅरिबियनमधल्या हैतीचे. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला शिकायला आले, पुण्याहून शिकायलाच आलेल्या वासंतीशी लग्न केलं, आणि लेक चार वर्षांची असताना दुखण्याचं निमित्त होऊन गेले. त्यांच्या आईचं तिकडून पुन्हा पत्रही आलं नाही. "माझी तिकडची आजी कशी बोलते?" पोरीनं एकदा हट्टच धरला. कुठून आणायची आजी? ज्याँनी शिकवलेली त्यांच्या आईची अंगाई वासंतीनं आवाज घोगरा करून, त्यांच्याच, हैतीच्या क्रेओल भाषेत कॅसेटवर म्हटली आणि सांगून टाकलं, "ही बघ तुझी आजी." त्या अंगाईपलीकडे तिला स्वतःलाही काही ठाऊक नव्हतं!

आता २०१८ साली लेक लेखिका झाली होती, फिल्ममेकर झाली होती, आणि दोन वर्षं खपून केलेली तिची फिल्म उभी होती ती त्याच 'आजीच्या' आवाजावर. शुक्रवारी वेलिंग्टनला ती दाखवणार होते. खरं बोलावं तर लेकीची आजी जाणार, गप्प बसावं तर लेक जगापुढे खोटी पडणार... धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

"आई, गाणं संपल्यावरही टेपवर समथिंग आहे. मी कधी पुढे ऐकलंच नव्हतं."

निवेदितानं आवाज मोठा केला. आधी नुसती खरखर. मग कुकरची शिट्टी. मग दुसरी. आणि पाठोपाठ वासंतीचाच तरुण, धांदरट आवाज, चक्क मराठीत: "अगं बाई, वरणाचा कुकर राहिलाच की..."

निवेदितानं आवाज बंद केला.

"दॅट्स यू," निवेदिता म्हणाली. "आजी नव्हतीच."

"गाणं तिचंच आहे गं. माझ्याकडे तिचं तेवढंच होतं."

निवेदितानं फोन उचलला.

"नको, निवू. दोन वर्षं घातलीस यात. मी कुठं कुणाला सांगतेय?" वासंतीनं तिचा हात धरला, पण त्या धरण्यात जोर कुठला! लेकीनं वेलिंग्टनला कळवलंच, की फिल्म मागे घेतेय, तिच्यात दोन गोष्टी खोट्या आहेत.

"दोन?" वासंतीनं भीत भीत विचारलं.

"दुसरं मी बोललेय, आई. तू काही सांगितलं नाहीस, हे. होतं तेवढं गाणं तू दिलंसच की." एवढं बोलून तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू मोकळं केलं.

वासंती तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. लेकीची आजी गेली होती, फिल्मही गेली होती... आणि दोन्हींतलं काहीच तिला परत आणून देता येत नव्हतं.