तळघरावरची वाळूची पोती

खोटं वाटेल, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. गेल्या जुलैतली संध्याकाळ. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठचं आमचं गाव आणि गावातला तो एकच मोठा रस्ता.

दर शनिवारी क्लाइव्ह पर्यटकांना तिथून पायी फिरवतो. तो पुढे, मी कंदील घेऊन सगळ्यात शेवटी. मधूनच तो ओरडतो, "मागे कोणी राहिलं नाही ना?" मी "नाही" म्हणते.

त्या दिवशी माझी म्हातारी आई, बेरिल, हट्टाने आली होती.

छप्पनच्या पुरात तिची बहीण, माझी आयव्ही मावशी, याच रस्त्यावरच्या हॉटेलच्या तळघरात बिअरची पिंपं काढायला उतरली होती. पाणी आत शिरू नये म्हणून मालकाने तळघराचं फुटपाथवरचं झाकण बंद करून वर वाळूची पोती रचली. आत कोण आहे, पाहिलंच नाही.

नदी जमिनीखालून तळघरात आली...

तो मालक म्हणजे क्लाइव्हचा आजोबा.

मरण्याआधी एकदा या रस्त्यावर आयव्हीचं नाव घेतलेलं आईला ऐकायचं होतं. बस, एवढंच.

झाकणावर आजही शोभेची पोती असतात. क्लाइव्ह तिथे थांबला.

"पुरात या रस्त्यावर एकही जीव गेला नाही!"

"आणि आयव्ही रे?" आईने विचारलं.

"बेरिलबाई, लोक मजा करायला आलेत. कशाला उगाच तोंडं कडू करता?"

तेवढ्यात...

ठक.

खालून.

ठक... ठक...

"उंदीर!" क्लाइव्ह हसला. पोती सरकवून त्याने झाकण उघडलं.

तळघर कोरडं ठणठणीत.

पण पायऱ्यांवर... ओल्या, अनवाणी पावलांचे ठसे. खालून वर आलेले. शेवटचा थेट आईच्या बुटांसमोर.

आई रडली नाही. त्या ठशाकडे बघत "चल गं, गारठलीस," एवढंच म्हणाली.

ऑगस्टमध्ये आई गेली. नाव न ऐकताच.

आता क्लाइव्ह तिथे 'बुडालेल्या बाईचं भूत' रंगवून सांगतो. गर्दी वाढलीय. बाईला नाव मात्र नाही. लाज कशी वाटत नाही या माणसाला!

मी अजूनही शेवटीच चालते. माझ्या मागे कोणीच नसतं.

पण हॉटेल ओलांडलं की...

चप्प... चप्प...

ओली पावलं. आणि हल्ली त्यांच्या जोडीला आईच्या बुटांची ओळखीची खरखर.

वळून बघायची माझी छाती होत नाही. कंदील तेवढा थोडा मागे धरते.

"मागे कोणी राहिलं नाही ना?" क्लाइव्ह ओरडतो.

"राहिलंय," मी म्हणते.

पर्यटक हसतात. टाळ्या वाजवतात.