परतभेटीची परतभेट

तलावावरून वारा सुटला आणि आमच्या टोफूच्या दुकानाचा पडदा उडाला. दारावरचा निळा पडदा, आमचं नाव लिहिलेला, आजोबांच्या वेळचा! मी चपला घालेपर्यंत तो कालव्याच्या कठड्यापाशी पोहोचलाही होता. आता पाण्यात पडणार, एवढ्यात एका उंच मुलानं सायकल टाकली, उडी मारली आणि पडद्याचं टोक पकडलं. पडदा गर्रकन त्याच्याच तोंडाभोवती गुंडाळला गेला.

आतून आवाज आला, "क्षमा असावी. ही वस्तू आपली आहे काय?"

मी हसू दाबायचा प्रयत्न केला... जमलं नाही.

त्याचं नाव गिलांग. इंडोनेशियातल्या बांडुंगहून आलेला, वर्षभर जपानी शिकायला, आमच्या मात्सुएच्या विद्यापीठात. हे सगळं त्यानं धडा म्हणून दाखवावा तसं एका दमात सांगितलं आणि कमरेत वाकला. पडदा अजून खांद्यावरच होता.

"मी नागिसा," मी म्हटलं. "आणि पडदा आमचा आहे. देणार का?"

त्याचे कान लालभडक झाले.

आईनं ताज्या टोफूची वडी निळ्या डब्यात घालून त्याला दिली. पडदा वाचवला म्हणून. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, तर त्यात तळलेली केळी!

"अगं, टोफू ही परतभेटच होती," आई म्हणाली. "परतभेटीला परतभेट नसते. तिथं थांबायचं असतं. सांग त्याला."

"सांगेन की."

सांगितलं नाही. उलट आईची पाठ वळल्यावर डब्यात मुळ्याचं लोणचं भरलं आणि तो सायकलवरून जाताना त्याच्या हाती दिलं. तो इतक्या गंभीरपणे वाकला की मला जरा लाज वाटली. पण केळी फार छान होती हो.

मग काय, डबा येऊ लागला, डबा जाऊ लागला. लोणच्यावर शेंगदाण्याची चिक्की आली, चिक्कीवर मी भाताचे गोळे दिले. दर खेपेला तो पाच मिनिटं थांबायचा, मग दहा. पुस्तकातली भाषा हळूहळू गळून पडली. पावसाळा लागेपर्यंत तो दारातूनच ओरडायला लागला, "काय हो नागिसा-सान, आज गिऱ्हाईकं रुसली वाटतं?"

"तुझा आवाज ऐकून पळाली!"

डिसेंबरमधली गोष्ट. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होतं. टोफूच्या हौदात सकाळपासून हात घालून माझी बोटं बधिर झाली होती. गिलांगनं डबा ठेवला, पिशवीतून थर्मास काढला आणि आल्याचा काढा कपात ओतला.

"हात पुढे कर. पाणी इतकं गार?"

"टोफू गरम पाण्यात ठेवत नाहीत, महाराज."

त्यानं कप माझ्या हातात दिला आणि वरून स्वतःचे हात धरले. कप पडू नये म्हणून... असं तो म्हणाला. काढा तिखट होता. तो संपूच नये असं मला वाटत होतं.

तो गेल्यावर आई म्हणाली, "रीत पाळतोय बिचारा. परक्या गावात चुकायला नको म्हणून जिवाचा आटापिटा करतोय, आणि तू गप्प बसून मजा बघतेस."

खरंच, तो रीत म्हणून येत असेल तर? सांगितलं, तर येणं थांबेल. नाही सांगितलं, तर मार्चमध्ये तो निघून जाईल, आणि तो माझ्यासाठी येत होता की डब्यासाठी, हे मला कधीच कळणार नाही. मी जानेवारीत गप्प राहिले. फेब्रुवारीतही.

निघायच्या आदल्या सकाळी तो आला. डबा हातात घेतला तर हलका लागला. झाकण उघडलं... रिकामा. घासून, पुसून, लख्ख.

"कळलं तर तुला," मी डब्याकडे बघतच म्हणाले.

"काय?"

"परतभेटीला परतभेट नसते ते. मीच सांगायला हवं होतं. मुद्दाम नाही सांगितलं. माफ कर."

"ते होय! ते तर जूनमध्येच कळलं. बाईंनी वर्गात शिकवलं. परीक्षेतही आलं होतं, पैकीच्या पैकी मिळाले मला."

"मग नऊ महिने डबे कशाला भरत होतास?"

"नाहीतर रोज कुठल्या तोंडानं आलो असतो? विकत घेऊन माणूस किती टोफू खाईल? त्यातून तुमचा तो मऊ टोफू..." त्यानं आवाज खाली आणला. "आईंना सांगू नकोस, पण घशाखाली उतरत नाही. आमच्याकडे तळून खातात."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच.

"मग आज रिकामा का?"

तो गंभीर झाला. "भरून आणला असता, तर तुला वाटलं असतं, ही पुन्हा परतभेटच. आज मला जे सांगायचंय ते कशाचीच परतफेड नाही. तू मला आवडतेस, नागिसा."

नावापुढचं आदराचं 'सान' कुठं गेलं कुणास ठाऊक.

"मलाही," मी म्हणाले. "पडद्यातून तोंड बाहेर काढलंस ना, तेव्हापासून."

"पदवीला दोन वर्षं आहेत अजून. मग इथंच नोकरी शोधणार आहे. तोवर..."

मी डबा घेतला, त्यात तळलेल्या टोफूचे गरम तुकडे भरले, झाकण घट्ट लावलं आणि त्याच्या हातात ठेवला.

"ही काय, परतभेट?"

"छे. ही भेट. हिची परतभेट द्यावीच लागते. ती टपालानं चालत नाही. स्वतः येऊन द्यायची."

"अशी रीत आहे?"

"आजपासून आहे."

त्यानं डबा छातीशी धरला आणि पहिल्या दिवशीसारखा कमरेत वाकला. सरळ झाला तेव्हा कान पुन्हा लाल होते.

संध्याकाळी आई फळीवर शोधाशोध करत होती. "निळा डबा कुठाय गं?"

"गिलांगकडे. बांडुंगला चाललाय."

"परत कधी मिळायचा?"

"दोन वर्षांनी."

आईनं हात पुसले, दारावरचा पडदा उतरवला आणि घडी घालता घालता म्हणाली, "चालेल. तेवढ्या वेळात मऊ टोफू खायला शीक म्हणावं त्याला. आत सगळं ऐकू येतं."